अठ्ठावन घोडे, सहा पोती वाळू

सहा पोती वाळू घेऊन आम्ही चाकणला गेलतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं. मी चौथी शिकलेला माणूस. पण चाळीस वर्षं कडा गावात डिझेलची इंजिनं बांधतोय आणि माझं इंजिन परत आलं असं कुणी सांगावं. माझ्याबरोबर होता नांदूरघाटचा दादाराव मुकादम. तो आता ऊसतोडीच्या टोळ्या नेत नाही, वय झालं, पण मुकादम म्हणलं नाही तर त्याला राग येतो. मला सगळे बाबू मिस्त्री म्हणतात. आम्ही दोघं मिळून दीडशे वर्षांचे आणि आमची जीप वेगळी.

जाऊन येऊन पंधरा दिवस झाले, कंबर अजून धरलेली आहे. तरी लिहायला बसलो, कारण गावात जो तो विचारतो, घोडे किती निघाले. एकेकाला सांगून जीव थकला.

कशापायी गेलो

दादारावच्या जीपचं इंजिन मी दिवाळीच्या आधी बांधलं. नवं लायनर, नवे पिस्टन, पंप खोलून साफ. गाडी नेण्याच्या आदल्या दिवशी त्याची बायको, कौसावहिनी, एसटीनं कड्याला आली. एकटीच. गॅरेजच्या दारात उभी राहिली, आत आली नाही.

"मिस्त्री, त्यांचा डावा डोळा गेलाय. उजव्याला बी कडंचं दिसत न्हाई. डॉक्टरनं गाडी बंद म्हणून सांगितलं. हे ऐकत्यात का?"

म्हणलं, "मी सांगू का त्याला?"

"तुमी सांगितलं तर अजून जोरात चालवतील. त्यांना न्हाई, त्या गाडीलाच जरा म्हातारी करा. अन मी आलते हे बोलू नका."

डिझेलच्या पंपाला एक स्क्रू असतो. ॲक्सिलेटर कितीही दाबा, तो स्क्रू अडवतो तिथंच इंजिनाचे फेरे थांबतात. मी तो अडीच आटे आत बसवला. गाडी पन्नास-पंचावन्नच्या वर जाईना. पण ओढ? ओढीला मी हात लावला नाही. सहा पोती वाळू भरून मांजरसुंब्याच्या घाटात नेली, दुसऱ्या गिअरात अर्ध्या चढाला थांबवून परत उचलली. इंजिनाचं बळ आम्ही असंच बघतो. गाडी हूं की चूं न करता वर गेली. मी मनात म्हणलं, वहिनीचा शब्द राहिला आणि इंजिनाचंही काही गेलं नाही.

मग केजला एका लग्नात, पंगत बसलेली असताना, दादाराव चार लोकांत बोलला, "बाबू मिस्त्रीनं इंजिन बांधलं का गाढव बांधलं, काय कळंना बे! गाडीत दमच न्हाई."

लोक हसले. माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी उठलो आणि म्हणलं, "गाडीच्या कागदावर अठ्ठावन घोडं लिवल्यात. मशिनीवर मोज. एक जरी कमी निघाला तर माझा पाना इहिरीत टाकीन, परत इंजिनाला हात लावणार न्हाई."

बोलताना मला भीती वाटली नाही. ओढ सगळी शाबूत होती ना. घोडे म्हणजे हॉर्सपॉवर, आणि हॉर्सपॉवर म्हणजे ओढ, असंच मी आयुष्यभर समजत आलो होतो.

कडा ते शिक्रापूर

घोडे मोजायची मशीन चाकणला असते असं कळलं, तिकडंच जायचं ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी दादाराव नांदूरघाटहून एकटा जीप घेऊन आला. पुढच्या डाव्या मडगार्डाला नवा ओरखडा होता. विचारलं तर म्हणाला, "म्हैस आडवी आली." म्हशीला पिवळा रंग दिलेला असतो हे मला माहीत नव्हतं. ओरखड्यात मैलाच्या दगडाचा पिवळा रंग भरलेला होता. 

सकाळी थंडी लई होती. वाळूची पोती मी आणि शेजारच्यानं चढवली. दादारावनं खालून हुकूम सोडले. वहिनीनं दादारावबरोबर धपाटे बांधून दिलते, वर दही-लसणाची चटणी. मोजायचं म्हणजे ओझं पाहिजेच, आणि परक्या मुलखात वाळू कुठं मागायची, म्हणून बरोबर घेतली.

गाळपाचे दिवस. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, वर बसलेल्या बाया, पोरं, कोंबड्यांची खुराडी. दादाराव प्रत्येक टोळीकडं बघून हात करायचा. कोण होतं त्यात, त्याला दिसत नव्हतं. हात मात्र सगळ्यांना केला.

नगरच्या अलीकडं त्यानं गतिरोधक पाहिलाच नाही. गाडी उडाली, माझं डोकं वर टपाला लागलं, मागं एक पोतं फुटलं. वाळू माझ्या मानेतून सदऱ्यात गेली.

"इथं कधी बांधला बे हा?" तो म्हणाला.

"माझं लग्न व्हायच्या आधी."

शिरूरच्या पुढं एका झाडाखाली धपाटे खाल्ले. तिथल्या हॉटेलात पाणी मागितलं तर पोऱ्या बाटली घेऊन आला आणि विकत का साधं म्हणून विचारायला लागला. आमच्याकडं आधी तांब्या येतो, मग गाव विचारतात, मग कोणाचे कोण ते विचारतात, मग चहा. शिक्रापूरच्या पुढं तर कुणीच कुणाला गाव विचारत नाही. कंपन्यांच्या भिंती लांबच लांब, भिंतीच्या आत काय चालतं कळत नाही, बाहेर मोठे कंटेनर एकामागं एक उभे. मला वाटलं, एवढी इंजिनं इथं जन्माला येतात आणि म्हातारपणी आमच्याकडं येतात.

चाकणला पोचेस्तोवर माझे गुडघे दगड झालते. लॉजवर खाटेवर पडलो ते सकाळीच उठलो. दादाराव म्हणे रात्रभर घोरत होतास. मी घोरत नाही.

रोलर

मोजायची जागा म्हणजे मोठं पत्र्याचं शेड. आत फरशी आरशासारखी. मी चप्पल बाहेर काढली, तर आतली बाई म्हणाली, "काका, चप्पल घाला, तेल असतं खाली." चाळिशीची, बुटात, कानावर घालायचं मोठं झाकण गळ्यात अडकवलेलं. मला वाटलं हिशोबाची असेल. तीच मशीन चालवणारी निघाली. सगळे तिला मॅडम म्हणत होते, आम्हीही म्हणलं.

तिनं जीपच्या मागं डोकावलं.

"हे काय आहे?"

"वाळू," मी म्हणलं. "ओझं नको का?"

तिला हसू आलं, पण तिनं दाबलं. "काका, इथं वजन लागत नाही. चाकं या रोलरवर ठेवायची. रोलरच जड आहे, तेच ओझं. वाळू असली तर उलट टायर दबेल आणि आकडा कमी येईल. खाली करा."

दादाराव मोठ्यांदा हसला. "मिस्त्री, तुझी वाळू पुण्याला येऊन फुकट गेली!"

शेजारी भिंत बांधणं चालू होतं. तिथला गवंडी पाटोद्याकडचा निघाला. बोलण्यावरूनच कळलं, त्यानंच पहिलं विचारलं, "कंच्या गावचं?" चाकणात गाव विचारणारा तेवढाच. त्याच्या दोन माणसांनी पोती उतरवली, वाळू ठेवून घेतली आणि आम्हाला चहा पाजला. कागदाच्या एवढ्याशा कपात, पण पाजला.

मग जीप रोलरवर चढवली. मागची चाकं दोन लोखंडी नळकांड्यांच्या मध्ये. पट्ट्यांनी गाडी चारी बाजूंनी बांधली, जशी खोडील गाय बांधतात तशी. पुढं मोठा पंखा, धुराड्याला पाइप लावून धूर बाहेर. मॅडम स्वतः आत बसली. दादाराव म्हणाला, "मी बसतो, गाडी माझी हाय." ती नको म्हणाली.

मी विचारलं, "पण घोडा म्हणजे कुठला धरला? टांग्याचा का लग्नातला?"

"पंचाहत्तर किलो ओझं एका सेकंदात एक मीटर वर उचललं, की एक घोडा."

 माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर मोट होती. चामड्याची, दोन बैलांची. मी म्हणलं, "म्हंजे मोटंसारखं."

"हां, तसंच. आता सांगा काका. दोन बैलजोड्या आहेत. दोन्ही तेवढीच मोट ओढतात. पण एक जोडी सावकाश चालते आणि एक झपाझप. कुणाचं वावर आधी भिजतं?"

"झपाझपवालीचं."

"मग ताकद कुणाची जास्त?"

मी जीपच्या बॉनेटकडं बघितलं.  ओढ तीच, पण फेरे कमी तर घोडे कमी. अडीच आटे. मी फेऱ्यांना बांध घातला होता आणि घोडे मोजायला स्वतःच्या पायानं इथवर आलो होतो. चाळीस वर्षं इंजिनं बांधली आणि हे मला एका मोटेवरून कळलं, तेही त्या बाईकडून.

मशीन सुरू झाली. चौथ्या गिअरात तिनं ॲक्सिलेटर तळाला लावला, रोलर गरगरले, शेड घुमलं. मग क्लच दाबून चाकं आपसूक मरू दिली. तेही मशीन मोजते. गिअर, शाफ्ट, एक्सल, टायर, यांनी मध्ये किती खाल्लं ते त्यावरून कळतं. हवा किती गरम आहे तेही मशीन बघते, कारण गरम हवेत इंजिनाला दम कमी पडतो.

मशीनच्या काचेवर आकडा आला. अडतीस.

दादारावनं मांडीवर थाप मारली. "अठ्ठावनाचं अडतीस! वीस घोडं खाल्लंस बे मिस्त्री? काय चण्यासंगं खाल्लंस?"

"थांबा," मॅडम म्हणाली. "कंपनी घोडे मोजते ते इंजिन गाडीबाहेर काढून, टेबलावर. आपण मोजले चाकाला. मध्ये जवळपास आठ गेलेत. म्हणजे इंजिन सेहेचाळीस देतंय. पूर्वी तर कंपन्या पंखा, डायनामो, सायलेन्सर सगळं काढून मोजायच्या. आता तसं करत नाहीत, सगळं लावून मोजतात."

"तरी बारा कमीच की," दादाराव म्हणाला.

तिनं काचेवर बोट ठेवलं. दोन रेषा होत्या. एक ओढीची, एक घोड्यांची. "पण हे बघा. ओढीची रेष नव्या इंजिनासारखी आहे. इतक्या जुन्या गाडीत मी अशी क्वचित पाहिली. बांधणारा चांगला माणूस आहे." मग तिचं बोट पुढं सरकलं. "आणि इथं, अठ्ठावीसशे फेऱ्यांवर, एकदम तोडल्यासारखी. चार हजारापर्यंत जायला पाहिजे होती. कुणीतरी पंपाचा स्क्रू आत फिरवलाय."

 दादाराव माझ्याकडं वळला. त्याला माझा चेहरा नीट दिसत होता का नाही, देव जाणे.

"कुणी फिरवला?"

वहिनीचं नाव घेतलं असतं तर मी तिथंच सुटलो असतो. म्हणलं, "मीच. नवं बांधलेलं इंजिन आधी हळू चालून बसायला पाहिजे म्हणून फिरवला, परत खोलायचं राहून गेलं."

"राहून गेलं?" तो म्हणाला. "तुझं?"

"म्हातारा झालो."

हा शब्द मी कधी कुणासमोर बोललो नव्हतो. बोललो आणि लई थकल्यासारखं वाटलं.

"मग खोल की बे."

"राहू दे. आकडा निघालाय. मी हरलो, चल घरी. पाना टाकतो इहिरीत."

"तू कावून हरतोस? बाई म्हणती बांधणारा चांगला हाय. खोल!"

मी पान्याला हात लावला नाही. शेवटी मॅडमच्या माणसानं स्क्रू बाहेर काढला, पाच मिनिटांचं काम. गाडी परत घुमली. यावेळी आवाज वर वर चढत गेला, माझ्या हातानं बांधलेलं इंजिन असं ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. ऊर भरून यायला पाहिजे होता. मला गॅरेजच्या दारात उभी राहिलेली वहिनी आठवली.

चाकाला सत्तेचाळीस. मधले दहा धरून सत्तावन्न.

"एक कमी," मॅडम हसून म्हणाली. "एवढ्या जुन्या गाडीला पुष्कळ आहे, काका."

"एक बी कमी म्हणलो व्हतो," मी म्हणलं.

दादारावनं माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप दिली की खोकला आला. "जितलास बे! चल." आणि चावी बोटात फिरवत तो ड्रायव्हरच्या बाजूला गेला.

परत

वाळू नाही, स्क्रू मोकळा. गाडी हलकी झाली, आणि म्हाताराही. शिक्रापूरच्या पुढं रस्ता सरळ लागला तसा तो गाणं गुणगुणायला लागला. काटा सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी.

"बघ बे, बघ! आता आली गाडीत जान."

"हळू."

"तूच बांधलीस अन तूच भितोस?"

मी दोनदा म्हणलं मला चालवू दे. एकदा म्हणलं कंबर दुखतीय, बसून बसून, जरा चालवतो. त्याच्या लक्षात आलं असावं, तो म्हणाला, "कंबर दुखती तर झोप मागं." मी झोपलो नाही. रस्त्यावरची प्रत्येक सायकल, प्रत्येक शेळी मी त्याच्या आधी बघत होतो आणि मोठ्यांदा नाव घेत होतो. शेळी. सायकल. बाई. तो चिडला. "मला काय दिसत न्हाई का?" मग मी मनातल्या मनात नावं घेत बसलो. असा प्रवास कुणाला करायला लागू नये. पायाखाली ब्रेक नसताना दीडशे किलोमीटर ब्रेक दाबत आलो.

नगर मागं पडलं, दिवस बुडाला. अजून उजेड होता, पण कसला, धुळीचा. पुढं उसाची ट्रॉली टायर फुटून अर्ध्या रस्त्यावर उभी होती. मागं रीतीप्रमाणं बाभळीची फांदी टाकलेली, दोन दगड लावलेले. मला फांदी दिसली, दगड दिसले, ट्रॉली दिसली. आणि दिसलं की दादारावचा पाय ॲक्सिलेटरवरच आहे.

"दादा!" मी ओरडलो. तोच शब्द तोंडातून आला.

त्यानं ब्रेक दाबला. जीप आडवी घसरली, फांदी चाकाखाली कडकड मोडली. थांबलो तेव्हा उसाची टोकं समोरच्या काचेला लागलेली होती. काच फुटली नाही. ट्रॉलीच्या पलीकडं एक बाई भाकरी थापत बसलेली. तिचा हात तसाच वर राहिलेला.

ट्रॅक्टरवाला धावत आला, पंचवीस-तिसाचा असेल. "आंधळा हायस का बे, म्हाताऱ्या?"

ज्यानं चाळीस-चाळीस कोयत्यांची टोळी एका आवाजावर हलवली, तो दादाराव मुकादम काही बोलला नाही. खाली उतरला. ट्रॉलीला हात लावून बघितलं. मग त्या बाईकडं गेला आणि म्हणाला, "बाई, चुकलं." आणि येऊन जीपच्या पायरीवर बसला.

मी शेजारी बसलो. 

तो म्हणाला, "किती फिरवला व्हता?"

"अडीच आटे."

"घरची आलती ना तुझ्याकडं?"

मी पायरीवरची धूळ पुसायला लागलो.

"नको सांगू. मला बी ठाव नको." मग म्हणाला, "बसव परत."

"पाना तर इहिरीत जायचाय. एक घोडा कमी निघालाय."

"तो एक घोडा मीच बे. गेला समज. काढ पाना."

बॉनेट उघडलं. अंधारत आलतं, मोबाइलची बॅटरी त्याच्या हातात दिली. त्यानं ती पंपाच्या वीतभर बाजूला धरली. मी बोटांनी चाचपून स्क्रू शोधला. एक आटा, दोन, अर्धा. वरून तारेचा पीळ मारला. चाळीस वर्षांत एवढं साधं काम मी इतक्या सावकाश कधी केलं नव्हतं.

काम झाल्यावर त्यानं चावी माझ्या हातात दिली. पुढचा रस्ता मी चालवला, पन्नासच्या आत. तो बाजूला बसून समोर बघत होता.

दुसऱ्या दिवशी नांदूरघाटपर्यंत मीच सोडायला गेलो. वहिनीनं चहा ठेवला. दादारावनं मॅडमनं दिलेला कागद खिशातून काढून, घडी उघडून, तिच्यापुढं धरला. स्क्रू मोकळा असतानाची वरची रेष बोटानं दाखवली. खालच्या, तोडल्यासारख्या रेषेवर अंगठा ठेवला होता.

"सत्तावन्न," तो म्हणाला.

वहिनीनं कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी बशीत चहा ओतत होतो.

"म्हंजे आता गाडी लई पळती का?" तिनं हळूच विचारलं.

"पळायची ताकद हाय तिच्यात," दादाराव म्हणाला. "मीच पळवीत न्हाई."